शर्यतीच्या धावपट्टीचा वाफसा

पेरणीपूर्वी मूठभर माती दाबून वाफसा पाहणारा शेतकरी आणि शर्यतीच्या सकाळी धावपट्टीचा ओलावा जोखणारा मैदान-व्यवस्थापक यांच्यापुढील प्रश्न एकाच जातीचा असतो. जमीन भार पेलण्याइतकी घट्ट आणि दबण्याइतकी मऊ हवी. सुमारे 450 ते 500 किलो वजनाचा घोडा भरधाव असताना त्याच्या एका पायावर क्षणभर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीचपट भार येतो. पृष्ठभाग कठीण असेल तर हाडे व सांधे दुखावतात, चिखल असेल तर पाय घसरतो व कंडरा ताणल्या जातात. कोठे घट्ट, कोठे भुसभुशीत अशी असमान पट्टी तर सर्वांत घातक ठरते.

लखनौ छावणीतील रेसकोर्सची धावपट्टी सुमारे 3.2 किलोमीटर लांब असून देशातील लांब धावपट्ट्यांत तिची गणना होते. हा परिसर गोमतीकाठच्या गाळाच्या जमिनीचा आहे. पोयट्याची जमीन सुपीक असली, तरी बारीक कणांमुळे ती टापांखाली लवकर आवळते. शिवाय अवधात ‘ऊसर’ म्हणजे चोपण जमिनीचे पट्टे आढळतात. केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेचे प्रादेशिक केंद्र लखनौत आहे, ते याच प्रश्नासाठी. चोपण मातीत चिकणकण विखुरतात व पाणी मुरत नाही. म्हणून अशा भागात डागडुजीसाठी माती आणण्यापूर्वी तिचा सामू व विनिमययोग्य सोडियम तपासणे आवश्यक ठरते.

महाराष्ट्रातील शेतकरी जिला तण म्हणून खणून काढतो, ती हरळी येथे उपयोगाची ठरते. तिच्या जमिनीलगतच्या व जमिनीखालच्या खोडांची जाळी माती बांधून ठेवते आणि तुटलेला भाग पुन्हा भरून काढते. मात्र उत्तरेकडील कडक थंडीत हरळी सुप्तावस्थेत जाते व झीज भरून येत नाही. अशा हवामानात हिवाळ्यापूर्वी हरळीवर रायगवताचे बी फेकणे हा प्रचलित उपाय आहे. उन्हाळा येताच रायगवत ओसरते व हरळी पुन्हा जोम धरते.

पावसाळी प्रदेशात शर्यतींचे वेळापत्रकही जमिनीनुसार ठरते. मुंबईत महालक्ष्मीच्या 1883 मधील रेसकोर्सवर हंगाम साधारणतः नोव्हेंबर ते एप्रिल असतो. मुंबईतील मुसळधार पावसाच्या काळात शर्यती तुलनेने कमी पावसाच्या पुण्यात होतात. शर्यतीपूर्वी पेनेट्रोमीटरने जमिनीचा घट्टपणा मोजून त्याचा अंक जाहीर केला जातो.

देखभालीची सूत्रे साधी आहेत. शर्यतीनंतर उखडलेली ढेकळे बसवून खड्डे माती, वाळू व बियाण्याच्या मिश्रणाने भरावेत. आतील कठडा अधूनमधून सरकवावा, म्हणजे एकाच पट्ट्याची झीज होत नाही. आवळलेल्या थरात छिद्रे पाडून हवा खेळती ठेवावी. पाण्याला उतार द्यावा आणि वळणावर बाहेरची कड उंच ठेवावी.

गावोगावी बैलगाडा शर्यतींची धावपट्टी तयार करणाऱ्यांनाही ही सूत्रे लागू पडतात. शर्यतीच्या आदल्या दिवशी केवळ पाणी मारून पट्टी तयार होत नाही. दगड वेचणे, संपूर्ण लांबीत ओलावा सारखा ठेवणे आणि थांबण्याच्या जागी मऊ मातीचा पुरेसा पल्ला राखणे, ही कामे आधीच उरकली तर बैलांचे पाय सुरक्षित राहतात.