मसाला दारातच थांबतो

नोव्हेंबरचा चौथा गुरुवार, थँक्सगिव्हिंगचा सण. या दिवशी सकाळपासून अमेरिकेतल्या कोट्यवधी घरांच्या ओव्हनमध्ये एकच पक्षी भाजत असतो, आणि तो भाजणाऱ्यांपैकी बहुतेकांनी गेल्या थँक्सगिव्हिंगनंतर त्याला हातही लावलेला नसतो. वर्षातून एकदाच करायचा पदार्थ, तोही सहा-सात किलोंचा, आणि खायला दोन्हीकडची सगळी मंडळी जमलेली. घाबरगुंडी उडाली नाही तरच नवल! टर्की विकणाऱ्या बटरबॉल कंपनीने १९८१ साली अशा घाबरलेल्यांसाठी सल्ला देणारी एक फोनलाइन सुरू केली. ती अजूनही दर वर्षी खणखणते.

या सणाला टर्कीच हवी, हे ठरलं कसं? १६२१ साली अमेरिकेतल्या प्लिमथच्या इंग्रज वसाहतकऱ्यांनी आणि तिथल्या मूळच्या वाम्पानोआग लोकांनी मिळून सुगीची मेजवानी केली. तिच्याबद्दल वसाहतकऱ्यांपैकी एडवर्ड विन्स्लोने लिहिलेल्या पत्रात हरणं आहेत, शिकारीत मिळालेले पक्षी आहेत, पण टर्कीचं नाव नाही. टर्कीला मानाची जागा मिळाली ती बऱ्याच नंतर, आणि त्यात सारा जोसेफा हेल या लेखिकेचा मोठा हात होता. त्यांच्या १८२७च्या ‘नॉर्थवुड’ कादंबरीत थँक्सगिव्हिंगचं भरगच्च जेवण आहे आणि टेबलावर सगळ्यांत मानाच्या जागी भाजलेली टर्की. पुढे एका मासिकाच्या संपादक म्हणून त्यांनी हा दिवस राष्ट्रीय सण व्हावा यासाठी एकामागून एका राष्ट्राध्यक्षाकडे पाठपुरावा केला. १८६३ मध्ये लिंकन यांनी तशी घोषणा केली.

पक्षी मात्र अस्सल अमेरिकेचाच. मेक्सिकोतल्या लोकांनी तो सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी माणसाळवला, सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला स्पॅनिश जहाजांतून तो युरोपात गेला आणि तिथे पोसलेल्या टर्क्या वसाहतकऱ्यांबरोबर पुन्हा अटलांटिक ओलांडून परतल्या. याच वाटेवरून एक फाटा आपल्याकडेही आला. १६१२ साली मुकर्रब खान या सरदाराने गोव्याहून जी अजब जनावरं बादशहा जहांगीरसाठी नेली, त्यांत एक टर्कीचा नर होता. त्याच्या डोक्या-मानेचा रंग क्षणाक्षणाला बदलतो हे पाहून बादशहा थक्क झाला आणि त्याने ते आपल्या आठवणींत लिहून ठेवलं. दरबारी चित्रकार उस्ताद मन्सूरने काढलेलं त्या पक्ष्याचं चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे.

जहांगीरला जे कोडं पडलं, त्याची उकल आपल्या काळात झाली. टर्कीच्या मानेच्या कातडीत कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे बारीक धागे असतात आणि त्यांच्यामधून रक्तवाहिन्या जातात. पक्षी चिडला किंवा उत्तेजित झाला की या वाहिन्या फुगतात-आकसतात, धाग्यांमधली अंतरं बदलतात आणि त्यावरून परावर्तित होणारा प्रकाशही बदलतो. हे कोलॅजन ध्यानात ठेवा. स्वयंपाकघरातली टर्कीची निम्मी डोकेदुखी त्याच्यामुळेच आहे.

टर्की दिवसभर चालते. उडते ती क्वचित, जीव वाचवायला, थोडंसं अंतर पण जोरात. म्हणून तिच्या एकाच कातडीखाली दोन तऱ्हेचं मांस असतं. तंगड्यांचे स्नायू तासन्‌तास राबणारे. त्यांना प्राणवायूचा साठा लागतो, तो मायोग्लोबिन नावाच्या लाल प्रथिनात असतो, म्हणून ते मांस गडद. शिवाय त्यात कोलॅजनचे चिवट पडदे भरपूर. छातीचे स्नायू एका झटक्यापुरते कामाचे: फिके, मऊ, चरबी जवळपास नाही. त्यातून आज बाजारात मिळणारी पांढऱ्या पिसांची टर्की निवडक पैदाशीने इतकी छातीजड झाली आहे की तिला नैसर्गिक समागमही जमत नाही. पुढची पिढी कृत्रिम रेतनानेच जन्मते. पिसं पांढरी का, तर सोलल्यावर कातडीवर काळे ठिपके दिसू नयेत म्हणून!

आता ओव्हनमधलं भांडण पाहा. मांसातल्या प्रथिनांपैकी मायोसिन ५० अंश सेल्सिअसच्या आसपास आवळायला लागतं, तोवर सगळं ठीक. ६६-७० अंशांच्या पुढे अ‍ॅक्टिन नावाचं दुसरं प्रथिन आवळतं आणि मग ओला कपडा पिळावा तसं मांसातलं पाणी बाहेर पडतं. छातीचा पुठ्ठा होतो तो इथे. तंगडीची गोष्ट उलटी. तिच्यातल्या कोलॅजनचं विरघळून जिलेटिन व्हायला हवं, आणि ते ८० अंशांच्या आसपास, सावकाश, नीट जमतं. म्हणजे छाती शिजली तेव्हा तंगडी चिवट, आणि तंगडी शिजली तेव्हा छाती कोरडी. हे एकाच भांड्यात, एकाच वेळी, एकाच तापमानाला भाजायचं! ज्यांनी अख्खी टर्की भाजायचा रिवाज पाडला त्यांनी दिसण्याचा विचार केला, खाणाऱ्याचा नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि तरीही ती रसरशीत, चवदार होऊ शकते. त्यामागची करामत मिठाची आहे.

कोरडं मीठ मांसावर चोळलं की आधी ते पाणी बाहेर ओढतं. तासाभराने पाहाल तर कातडी घामाघूम झालेली दिसेल. त्या पाण्यात मीठ विरघळून दाट मिठवणी तयार होते आणि मग उलटा प्रवास सुरू होतो. सोडियम आणि क्लोराइडचे कण इतके बारीक की ते मांसातल्या पाण्यातून हळूहळू आत सरकतात. आत गेलं की मीठ मायोसिनचा काही भाग विरघळवतं, त्यामुळे तापल्यावर धागे कमी आवळतात आणि पाणी धरून ठेवतात. मीठ पाणी पळवतं हे आपण लहानपणापासून काकडीच्या कोशिंबिरीत पाहतो. त्याच मिठाने मांस ओलसर राहावं, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला पटत नाही.

फक्त मिठाला वेळ लागतो. मांसातून उष्णता ज्या वेगाने पसरते, त्याच्या सुमारे शंभर पटींनी हळू मीठ सरकतं. दोन दिवसांत त्याची मजल दोनेक सेंटीमीटर. म्हणून भाजायच्या तासभर आधी मूठभर मीठ फासून काही साधत नाही, आणि दोन दिवस आधी लावलेलं थोडंसं मीठही पुरतं. सॅन फ्रान्सिस्कोच्या झुनी कॅफेच्या शेफ ज्युडी रॉजर्स कोंबडीला अशी आधीपासून मीठ लावून ठेवायच्या. ‘लॉस अँजेलिस टाइम्स’च्या रस पार्सन्स यांनी २००६ मध्ये तीच रीत टर्कीवर वापरून पाहिली आणि ती इतकी गाजली की अनेक अमेरिकन घरांतून टर्की बुडवून ठेवायच्या मिठवणीच्या बादल्या हद्दपार झाल्या. किलोमागे पाच-सहा ग्रॅम मीठ, म्हणजे साडेसहा किलोंच्या टर्कीला जेमतेम ४० ग्रॅम. छातीवर आणि मांड्यांवर जास्त, पाठीवर नावाला. बादलीभर मिठवणीत बुडवूनही मांस ओलसर राहतं, पण त्यात नळाचं पाणीच जास्त शिरतं आणि चव पातळ होते. विकत आणलेल्या पाकिटावर मिठाचं द्रावण टोचल्याचं लिहिलेलं असेल किंवा टर्की कोशर, म्हणजे ज्यू धर्मनियमांप्रमाणे तयार केलेली असेल, तर आणखी मीठ लावू नका. ती आधीच खारवलेली असते.

मग मसाल्याचं काय? इथे आपल्या ‘मुरू दे रात्रभर’ या श्रद्धेला जरा धक्का बसतो. सेज, थाइम, रोझमेरी हे टर्कीचे ठरलेले सोबती. त्यांचा सुवास ज्या रेणूंत आहे ते मिठाच्या तुलनेत मोठे, आणि पाण्याशी त्यांचं जमत नाही. ते तेला-तुपात विरघळणारे. मांस तर तीन-चतुर्थांश पाणी. त्यामुळे मीठ आत निघून जातं आणि मसाला दारातच थांबतो, अगदी दोन दिवस ठेवला तरी. न्यू जर्सीत किंवा बे एरियात राहणारे आपले लोक टर्कीला दही, आलं-लसूण आणि तंदुरी मसाला चोळतात, त्यांनाही नियम तोच. दह्याची आंबटाई वरच्या थरापलीकडे जात नाही आणि फार वेळ ठेवली तर तो थर पिठूळ होतो. तिथेही कामाचं असतं ते दह्यात घातलेलं मीठ.

यावर लुइझियानाच्या लोकांनी सरळ उपाय काढला. मसाला आपणहून आत जात नाही ना? मग सुईने घाला. तिथे मोठ्या सिरिंजने मसालेदार लोणी मांसात टोचतात आणि अख्खी टर्की उकळत्या तेलात सोडतात. चव झकास, पण हा उद्योग अंगणातच करावा आणि बर्फ पुरता उतरलेल्या टर्कीवरच. पाण्याची वाफ होताना आकारमान सुमारे १७०० पट वाढतं. गोठलेला पक्षी तेलात पडला की तेल उसळून आग लागते.

साध्या ओव्हनवाल्यांनी मसाल्याला त्याच्या आवडत्या जागी ठेवावं: चरबीत, कातडीच्या खाली आणि वर. मऊ लोण्यात बारीक चिरलेलं सेज, थाइम, किसलेला लसूण, लिंबाची साल, मिरपूड कालवायची. बोटांनी छातीवरची कातडी अलगद सोडवून ते आत सारायचं. थाइम मिळालं नाही तर चिमूटभर ओवा चालेल, कारण दोघांच्याही सुवासामागे एकच रेणू आहे, थायमॉल. लोण्याऐवजी तूप घेतलं तर आणखी बरं. लोण्यात सोळा-सतरा टक्के पाणी असतं, तुपात जवळपास नाही. आणि टर्कीच्या कातडीचा शत्रू म्हणजे पाणीच.

कातडीचा तो तांबूस-सोनेरी रंग आणि भाजल्याचा वास येतो माइयार अभिक्रियेतून. लुई-कामिय माइयार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये तिचं वर्णन केलं. भाकरीवर तव्याचे जे खरपूस डाग पडतात तेही तिचेच. तिला साधारण १४० अंश लागतात, आणि जोवर कातडीवर पाणी आहे तोवर तापमान १०० पलीकडे फारसं जात नाही. म्हणून मीठ लावलेली टर्की फ्रिजमध्ये उघडीच ठेवायची. दोन दिवसांत कातडी वाळून ताणल्यासारखी होते. मिठात चमचाभर बेकिंग पावडर मिसळली तर कातडी थोडी अल्कधर्मी होते आणि रंग लवकर चढतो. दर अर्ध्या तासाने ओव्हन उघडून वरून रस ओतायची जुनी सवय मात्र सोडलेली बरी. रस आत जात नाही, कातडी ओली होते, ओव्हन थंड होतो.

पोटात पावाचं सारण भरूनही भाजू नये. कच्च्या मांसाचा रस त्यात उतरतो. ते सुरक्षित व्हायला मधोमध ७४ अंश गाठावे लागतात आणि तोवर छातीचं वाटोळं झालेलं असतं. सारण वेगळ्या ट्रेमध्ये करा, वरून कुरकुरीतही होईल.

छाती आणि तंगडीच्या भांडणावर दोन तोडगे मला आवडतात. एक हॅरॉल्ड मॅगी या अन्नविज्ञानाच्या लेखकाचा: भाजण्याआधी तासभर छातीवर बर्फाच्या पिशव्या ठेवायच्या, म्हणजे तंगड्यांना आघाडी मिळते. दुसरा कसायाचा: पाठीचा कणा मजबूत कात्रीने कापून काढायचा आणि पक्षी दाबून सपाट करायचा. तंगड्या बाहेरच्या बाजूला येऊन जास्त तापतात, छाती मधे राहते, आणि पाच-साडेपाच किलोंची टर्की २३० अंशांवर दीड तासाच्या आत होते. टेबलावर अख्खा पक्षी मिरवता येत नाही, एवढंच. मी हाच मार्ग निवडेन. कापलेल्या कण्याचा आणि मानेचा रस्सा उकळत ठेवला की ग्रेव्हीची सोय होते. भाजायच्या ट्रेमध्ये उतरलेल्या चरबीत थोडा मैदा भाजून त्यात हा रस्सा घातला की दारात थांबलेला सगळा मसाला शेवटी मांसाच्या प्रत्येक तुकड्यावर पोचतो.

झालं की नाही हे रंगावरून ओळखू नका. टर्कीत टोचून मिळणाऱ्या त्या छोट्या प्लास्टिकच्या खुंटीवरही विसंबू नका. तिच्यात मऊ मिश्रधातूचा थेंब असतो, तो वितळला की स्प्रिंग सुटून खुंटी वर येते. आग लागल्यावर छतातून पाणी फवारणाऱ्या नळांचं तत्त्वच इथे वापरलं आहे. गंमत छान, पण बऱ्याचदा ती उशिरा उठते. साधा थर्मामीटर घ्या, हाडाला न टेकता छातीच्या सगळ्यांत जाड भागात खुपसा. अमेरिकेचं कृषी खातं ७४ अंश सांगतं. ७१ला बाहेर काढलीत तर पुढच्या अर्ध्या तासात आतली उष्णता उरलेले अंश गाठते. गाठले की नाही ते पुन्हा खुपसून पाहा, आणि मगच सुरी लावा.

शेवटी वेळापत्रक, कारण बहुतेकांचा घात तिथेच होतो. गोठलेल्या टर्कीचा बर्फ फ्रिजमध्ये उतरायला दर दोन किलोंमागे एक दिवस धरा. साडेसहा किलोंची असेल तर शुक्रवारी रात्री फ्रीजरमधून खाली आणा, धुऊ नका, नाहीतर कच्च्या रसाचे शिंतोडे ओट्यावर उडतील. मंगळवारी मीठ लावा. गुरुवारी सकाळी कातडीखाली लोणी आणि मसाला.