बिनतारी पेसमेकरची जिन्यावरची परीक्षा

हृदयाच्या वरच्या कप्प्यांत उमटणारा विजेचा संदेश खालच्या कप्प्यांपर्यंत पोहोचेनासा झाला की त्याला हार्ट ब्लॉक म्हणतात. रक्तवाहिनीत चरबी साचून होणारा अडथळा तो वेगळा. पूर्ण ब्लॉकमध्ये वरच्या कप्प्यांची लय बहुधा शाबूत असते. माणूस चालू लागला की ती वाढते, बसला की उतरते. पण ती खाली कळतच नाही, आणि खालचे कप्पे मिनिटाला तीस-चाळीस ठोक्यांवर रेंगाळत राहतात. 1958 मध्ये स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का रुग्णालयात आर्ने लार्सन यांच्या शरीरात, अशा हृदयाला विजेचा ठोका देणारा पहिला पेसमेकर बसवला गेला. यंत्र एकीकडे, हृदय दुसरीकडे आणि मध्ये वायर ही त्यानंतरची अनेक दशके ठरलेली रचना होती. तिच्यात बिघडायची ती बहुधा वायरच. ती तुटते, तिचे वेष्टण झिजते, तिच्या वाटेने जंतुसंसर्ग रक्तात शिरतो.

वायरच काढून टाकणारे मायक्रा हे यंत्र कौतुक करावे असेच आहे. लांबी सुमारे 26 मिलिमीटर, वजन दोन ग्रॅमच्या आसपास. जांघेतल्या शिरेतून ते उजव्या खालच्या कप्प्यात नेतात आणि चार लवचीक आकड्यांनी तिथल्या स्नायूत अडकवतात. छातीवर ना चीर, ना फुगवटा. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मुख्य अभ्यासात 725 पैकी 719 रुग्णांत ते यशस्वीपणे बसले. पण या पहिल्या यंत्राला फक्त स्वतःचा कप्पा ठाऊक होता. वरचे कप्पे कधी आकसतात हे त्याला कळत नसल्याने ते आपल्याच तालावर ठोके देत राही. वरच्या कप्प्यांनी शेवटच्या क्षणी ढकललेले रक्त खाली पोहोचण्याआधीच खालचा कप्पा आवळला, तर भरण्यातला मोलाचा हिस्सा वाया जातो. काहींना त्यामुळे धाप लागते, मानेत ठोके जाणवतात, गळून गेल्यासारखे वाटते.

2020 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या मायक्रा एव्हीने यावर काढलेला तोडगा मला या साऱ्या प्रकरणातला सर्वांत देखणा भाग वाटतो. वरच्या कप्प्यात काहीही न बसवता, भिंतीला कान लावून शेजारच्या खोलीतली हालचाल ओळखावी, तसे हे यंत्र खालच्या कप्प्यात राहून वरच्याचा कानोसा घेते. त्यात तीन दिशांची हालचाल मोजणारा अ‍ॅक्सेलरोमीटर आहे. प्रत्येक ठोक्यात त्याला चार कंपने जाणवतात: वरच्या-खालच्या कप्प्यांमधल्या झडपा मिटण्याचे, बाहेर जाणाऱ्या रक्ताच्या झडपा मिटण्याचे, खालचा कप्पा आपोआप भरण्याचे आणि शेवटी वरचा कप्पा आकसून रक्त ढकलल्याचे. हे चौथे कंपन म्हणजे ए-फोर. ते ओळखायचे, क्षणभर थांबायचे आणि ठोका द्यायचा, एवढेच यंत्राचे काम. मात्र हे कंपन नाजूक असते, कूस बदलली तरी कमी-जास्त होते. शिवाय त्याच्या अगदी पुढ्यात तिसरे, भरण्याचे कंपन उभे असते. मिनिटाला 60 ठोके असताना एका ठोक्याला पूर्ण सेकंद मिळतो, 120 असताना अर्धाच. ही काटछाट आवळण्याच्या वेळेत थोडी आणि भरण्याच्या वेळेत फार होते. त्यामुळे तिसरे आणि चौथे कंपन एकमेकांकडे सरकत शेवटी मिसळून जातात. त्यात चालणाऱ्या पावलांचे हादरे. म्हणजे समन्वयाची गरज वाढू लागते, नेमकी तिथेच ऐकू येण्याची अडचण सुरू होते.

म्हणूनच या यंत्राचा निकाल बसलेल्या रुग्णावरून देऊ नये असे माझे म्हणणे आहे. 2020 च्या मार्व्हल 2 अभ्यासात पूर्ण ब्लॉक असलेल्या 40 रुग्णांत वरच्या-खालच्या ठोक्यांचा मेळ सरासरी 26.8 टक्क्यांवरून 89.2 टक्क्यांवर गेला. झेप मोठीच, पण ती विश्रांतीतली. पुढच्या अ‍ॅक्सेलएव्ही अभ्यासात हाच मेळ विश्रांतीत 85.4 टक्के होता आणि रोजच्या हालचालींत 74.8 टक्के. मेळ 70 टक्के असला की उत्तीर्ण, असा निकष मार्व्हल 2 ने लावला होता. म्हणजे दहापैकी तीन ठोके चुकूनही रुग्ण यशस्वींत मोजला जातो. वर आणि खाली दोन बिनतारी यंत्रे बसवून त्यांना शरीरातूनच एकमेकांशी बोलायला लावणाऱ्या एव्हेअर डीआरच्या 2023 च्या अभ्यासात 97.3 टक्के रुग्णांनी 70 टक्क्यांची पातळी गाठली. तंत्र निराळे, आकडा उत्तम, पण मोजणी रुग्ण बसलेला असतानाच झाली.

यावर वजनदार आक्षेप आहे. ब्रिटनच्या यूकेपेस अभ्यासात 70 किंवा त्याहून जास्त वयाच्या 2021 हार्ट ब्लॉक रुग्णांत एका कप्प्याचा आणि दोन कप्प्यांचा पेसमेकर यांच्यात मृत्यूच्या प्रमाणाचा फरक दिसला नाही. शिवाय श्रमात रक्तपुरवठा वाढतो तो मुख्यतः ठोक्यांची गती वाढल्याने, मेळाचा वाटा त्या मानाने कमी. मग एवढा आग्रह कशाला? दोन्ही मुद्दे खरे आहेत, पण त्यांतून परीक्षा नको असे निघत नाही. माणूस जगला का, हा एक प्रश्न. तो तिसऱ्या मजल्यावर न थांबता पोहोचतो का, हा दुसरा. 1998 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पेस अभ्यासात एका कप्प्याच्या पद्धतीवर ठेवलेल्या 26 टक्के रुग्णांना त्रासामुळे दोन कप्प्यांच्या पद्धतीवर न्यावे लागले होते. आणि गतीच महत्त्वाची असेल, तर ती नीट वाढते का हे तपासायलाच हवे. माणूस हालचाल करतो आहे असे वाटले आणि ठोके मागे पडले, की मायक्रा एव्ही मेळाचा प्रयत्न सोडून हालचालीच्या अंदाजाने गती वाढवते. पण हालचाल म्हणजे श्रम नव्हे. चढावर पावले मंदावतात आणि श्रम वाढतात. एका जागी सायकल मारणाऱ्याची छाती फारशी हलत नाही. डोक्यावर हंडा घेऊन सावकाश चालणाऱ्या बाईचे कष्ट अ‍ॅक्सेलरोमीटरला कळणार कसे?

परीक्षा घेणे मात्र सोपे नाही. नेहमीच्या ब्रूस पद्धतीत ट्रेडमिलची सुरुवातच 10 टक्के चढाने होते. गुडघे दुखणाऱ्या ऐंशीच्या माणसाला तिथेच धाप लागते आणि यंत्राबद्दल काहीच कळत नाही. हळूहळू भार वाढवणाऱ्या पद्धती हव्यात. चालत्या माणसाच्या ईसीजीत वरच्या कप्प्याची बारीक लाट हादऱ्यांत हरवते, गती वाढली की आधीच्या ठोक्याच्या शेपटात बुडते. मग एकेक ठोका डोळ्यांनी तपासावा लागतो. त्यात रुग्णसंख्या लहान, आणि ट्रेडमिलवर चढण्याइतके सशक्त तेच चाचणीला येतात, म्हणून निकाल वास्तवापेक्षा बरा दिसण्याचा धोका. तरीही मेहनत वाया जात नाही. अ‍ॅक्सेलएव्हीमध्येच काही रुग्णांच्या यंत्राची सेटिंग्ज बारकाईने बदलल्यावर रोजच्या हालचालीतला मेळ सुमारे 72 टक्क्यांवरून 82 च्या पुढे गेला. 2023 च्या सुधारित मायक्रा एव्हीमध्ये वरच्या कप्प्यामागे धावण्याची मर्यादाही मिनिटाला 135 ठोक्यांपर्यंत वाढवली आहे. तेव्हा असे यंत्र बसवलेल्यांनी तपासणीच्या खाटेवर पडल्या पडल्या ‘बरे आहे’ एवढेच सांगू नये. कितव्या पायरीला दम लागतो ते डॉक्टरांना सांगावे, आणि डॉक्टरांनी त्यांना कॉरिडॉरमध्ये चालवून, जिना चढवून मगच यंत्राची सेटिंग्ज ठरवावीत.