ताशी 25च्या आतली गाडी
लेखमाला : रस्ता सर्वांचा – लेखांक 6

दहावीचा निकाल लागला की इलेक्ट्रिक स्कूटरच्या दुकानांत आईवडील मुलांना घेऊन येऊ लागतात. कॉलेज लांब, क्लास त्याहून लांब, आणि मूल अजून अठराचं नाही. अशा वेळी दुकानदाराचं एक वाक्य फार दिलासा देतं : ‘हिला पासिंग लागत नाही, लायसन्स लागत नाही. आजच घेऊन जा.’ गेल्या आठवड्यात आपण हिरव्या नंबरप्लेटच्या, रीतसर नोंदणी झालेल्या विजेच्या दुचाकी पाहिल्या. आज पाहू नंबरप्लेटच नसलेली ही गाडी.

दुकानदाराचं वाक्य खोटं नाही, अर्धं आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मध्ये अशा दुचाकीसाठी दोन मुख्य मर्यादा घातल्या आहेत. मोटरची शक्ती 250 वॅटच्या आत हवी आणि कमाल वेग ताशी 25 किलोमीटरच्या आत हवा. दोन्ही पाळल्या तरच ती कायद्याच्या लेखी ‘मोटार वाहन’ ठरत नाही. नोंदणी, परवाना, विमा यांतून मिणारी सूट मुख्यतः या दोन आकड्यांवर उभी आहे. गाडी खरोखर त्यांत बसते का, याची चाचणी पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त संस्था घेतात. त्या चाचणीचं प्रमाणपत्र विक्रेत्याकडे मागा. ते दाखवायला तो टाळाटाळ करत असेल, तर गाडी न घेतलेलीच बरी.

खरी गडबड पुढे होते. महिन्याभरात मुलाला गाडी ‘पळत नाही’ असं वाटू लागतं, आणि कुणीतरी मेकॅनिक स्पीड लॉक काढून देतो. त्या क्षणी सूट संपते. तीच गाडी आता नोंदणी नसलेलं, विमा नसलेलं मोटार वाहन असते आणि ती चालवणारा विनापरवाना असतो. 2022 मध्ये महाराष्ट्राच्या परिवहन विभागाने अशा फेरफार केलेल्या गाड्यांविरुद्ध मोहीमच उघडली होती. चालवणारं मूल अल्पवयीन असेल तर मोटार वाहन कायद्याचं कलम 199अ पालकापर्यंत पोचतं : 3 वर्षांपर्यंत कैद आणि 25 हजार रुपये दंड. मुलाला स्वतःला वयाच्या 25व्या वर्षापर्यंत लायसन्स मिळत नाही. कुणाला धडक बसली, तर विमा नसल्याने भरपाईचा भार घरावरच येतो.

दंडापेक्षाही मला काळजी वाटते ती रस्त्यावरच्या गणिताची. ताशी 25च्या वेगात गाडी एका सेकंदात सुमारे 7 मीटर जाते, ताशी 45च्या वेगात साडेबारा मीटर. समोर कुणी आलं हे कळून हात ब्रेकवर जाईपर्यंत एवढं अंतर तर नुसतं निघून जातं. त्यानंतर गाडी थांबवायला लागणारं अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. म्हणजे 25चे 45 झाले की ते तिपटीहून जास्त होतं, आणि ब्रेक, टायर मात्र त्या हळू गाडीचेच राहतात.

मर्यादेतली गाडीसुद्धा बेफाम चालवायला मोकळीक नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम 281 मध्ये बेदरकारपणे चालवण्याचा गुन्हा कोणत्याही वाहनाला लागू आहे. ते मोटार वाहनच असायला हवं अशी अट तिथे नाही. हेल्मेटची सक्ती मोटारसायकलला उद्देशून लिहिली आहे, पण डांबरावर आपटणाऱ्या डोक्याला कायद्यातली व्याख्या वाचवत नाही. आयएसआय खुणेचं हेल्मेट घ्या आणि त्याचा पट्टा हनुवटीखाली आवळा.

या गाडीचे दोन स्वभाव मुलांना मुद्दाम समजावून सांगावे लागतात. ती आवाज करत नाही, म्हणून गल्लीत पाठमोऱ्या चालणाऱ्या आजोबांना ती आल्याचं कळत नाही. त्यांच्याजवळून जाताना वेग कमी करून आधीच हलका हॉर्न द्यायचा. दुसरं म्हणजे विजेची मोटर थांबलेल्या गाडीलाही पहिल्या क्षणापासून पूर्ण जोर देते. चावी चालू ठेवून आपण खाली उतरलो आणि शेजारच्या लहानग्याने मूठ पिळली, तर गाडी झेपावते. दोन मिनिटांसाठी उतरलो तरी चावी बंद करून काढायची.

लायसन्सच्या निमित्ताने मुलाला नियम वाचावे लागतात, परीक्षकासमोर गाडी चालवून दाखवावी लागते. या गाडीला ते नाही, म्हणून ते काम आईवडिलांकडे आलं आहे. एखाद्या रविवारी सकाळी रिकाम्या मैदानात जा. मुलाला वळायला लावा, एकदम थांबायला लावा, आरशात पाहून हात दाखवायला लावा. तुमचं समाधान झालं तरच चावी त्याच्या हातात द्या. नाही झालं, तर पुढच्या रविवारी पुन्हा मैदानात जा.

(पुढील आठवड्यात : बॅटरी घरात चार्ज करताना)