हस्तिदंताची टाकून दिलेली साल

हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात टिपू सुलतानाच्या म्हणून हस्तिदंती खुर्च्या दाखवतात. हस्तिदंत म्हणजे मुख्यतः डेंटिन, दाताचा गाभा. त्यावरची सिमेंटमची साल कारागीर कोरण्याआधी तासून टाकतात. आपल्या दातांत हीच साल हिरडीखाली मुळाला वेढून असते, आणि तिच्यावाचून दात टिकत नाही.

सिमेंटम हे नाव मात्र फसवे. ते ऐकून दात जबड्यात चिकटवलेला असावा असे वाटते. खरे तर तो तंतूंनी टांगलेला असतो. मूळ घडताना त्याभोवतीचे पेशींचे नाजूक आवरण तुटते. मग बाहेरच्या पेशी डेंटिनपाशी येऊन सिमेंटमचा थर घालू लागतात. शेजारच्या तंतूंचे एक टोक या थरात पुरले जाते, दुसरे जबड्याच्या हाडात. घास चावताना बसणारा दाब हे तंतू झेलतात. वर्गात शिकवताना 'मूळसाल' हा शब्द मला अधिक कामाचा वाटतो.

दाताच्या मानेशी ही साल २० ते ५० मायक्रोमीटर, मुळाच्या टोकाशी १५० ते २०० मायक्रोमीटर जाड असते. तिच्यात रक्तवाहिन्या नाहीत, आणि ती हाडाइतकी सहज विरत नाही. म्हणूनच तारा लावून दात सरकवता येतात: हाड वाट देते, मूळ बहुतांशी शाबूत राहते. वरून दात झिजत गेला की खाली टोकाशी नवा थर चढतो, अगदी म्हातारपणीही.

हिरडी उतरली की मानेजवळचा पातळ थर उघडा पडतो. ब्रश जोराने घासला तर तोही जातो, आणि गार पाण्याच्या घोटाबरोबर कळ येते.