मडगावची मध्यरात्र, लोझानचे साडेआठ

पहाटे ५.४०
लोझानमधल्या होस्टेलच्या तळमजल्यावरच्या स्वयंपाकघरात एकच दिवा लागलाय. मडगावच्या वकीलबाई टेबलाशी बसल्यात. अंगावर शाल, समोर लॅपटॉप. आपला तीन पिनांचा प्लग स्वित्झर्लंडच्या सॉकेटात बसत नाही, म्हणून मधे अडॅप्टर. तो काल स्टेशनवर घेतला. मडगावात आता नऊ वाजून गेलेत. ज्युनिअरने ऑफिस उघडलंय.

"अरे, पान बारा परत स्कॅन कर. सही अर्धी कापली गेलीय."

"मॅडम, मूळ प्रतच फिकट आहे."

"मग खिडकीत धर आणि फोटो काढ. सही वाचता आली पाहिजे."

आज अपिलाचा एकविसावा दिवस, म्हणजे शेवटचा. अशील पश्चिम आफ्रिकेतला बचावपटू. एका भारतीय क्लबकडून खेळायचा. तीन महिन्यांचा पगार थकला तेव्हा करार मोडून घरी गेला. फिफाच्या फुटबॉल न्यायाधिकरणाने थकलेला पगार मंजूर केला, पण कराराच्या उरलेल्या महिन्यांची भरपाई नाकारली. त्याविरुद्ध दाद मागायची ती याच शहरातल्या क्रीडा लवाद न्यायालयात. प्रकरण चालू आहे, म्हणून खेळाडूचं आणि क्लबचं नाव इथे येणार नाही.

अपील मध्यरात्रीपर्यंत दाखल करता येतं. ही मध्यरात्र कुठली, तेही नियमात लिहिलेलं आहे. वकील दिला असेल तर त्या वकिलाच्या गावची. मडगावात बारा वाजतील तेव्हा लोझानमध्ये रात्रीचे साडेआठ झालेले असतील. तेवढाच वेळ हातात आहे. आणि ज्यासाठी त्या इतक्या लांब आल्यात, ते फुटबॉल कायद्याच्या वकिलांचं आंतरराष्ट्रीय संमेलनही आजच. निकालाची कारणं हातात पडली तोवर तिकीट काढून झालं होतं.

सकाळी ७.००
चहाची पूड घरून आणलीय. पोह्यांचा चिवडाही. बाहेर एक कॉफी साडेचार-पाच फ्रँकला पडते आणि एका फ्रँकला शंभराच्या वर रुपये मोजावे लागतात. व्हिसाचे ९० युरो, विमानाचं तिकीट, संमेलनाची फी, सगळा खर्च स्वतःचा. त्यातल्या त्यात एक बरं, होस्टेलमध्ये उतरणाऱ्याला शहरातल्या बस-मेट्रोचा पास फुकट मिळतो.

त्यांची कमाई कशी होते, ते विचारलं. सकाळी मडगावच्या कोर्टात जमिनीचे दावे, भाडेकरूंची प्रकरणं. घर त्यावर चालतं. फुटबॉलचं काम संध्याकाळी. इथे भेटणारे काही वकील जिंकलेल्या रकमेतला वाटा घेतात. भारतात बार कौन्सिलचे नियम वकिलाला तशी फी घेऊ देत नाहीत. म्हणून फी ठरावीक, दोन हप्त्यांत. या खेळाडूचा दुसरा हप्ता अजून यायचाय. "त्याला पगार मिळाला की माझी फी मिळेल," त्या म्हणतात. आवाजात तक्रार नाही.

सकाळी ८.१५
मेट्रो उताराने तळ्याकडे जाते. गाडीला ड्रायव्हर नाही. लोझान हे सगळं चढ-उताराचं शहर.

सभागृहाच्या दारात बिल्ले मांडलेत. शेजारी हेडफोनचं टेबल. मुलगी बिल्ल्याचा नंबर वहीत टिपते आणि हेडफोन हातात देते. आत मागच्या भिंतीला काचेच्या खोल्या उभ्या केल्यात, इंग्रजी, फ्रेंच आणि स्पॅनिश दुभाष्यांसाठी. एका खोलीत दोघे. एकाने अर्धा तास बोलायचं, मग दुसऱ्याने. तेवढ्यात डोकं दमतं. दोघांच्या मधे पाण्याचा जग, पेन्सिली आणि हाताने लिहिलेली शब्दांची यादी. ध्वनिवाला तंत्रज्ञ गुडघ्यांवर बसून केबल टेपने जमिनीला चिकटवतोय. तो सहापासून इथे आहे.

वकीलबाईंनी शेवटच्या रांगेतली, भिंतीतल्या सॉकेटजवळची खुर्ची धरली.

सकाळी ९.००
पहिलं सत्र लसाना दियारा प्रकरणावर. हा फ्रेंच मिडफिल्डर. २०१४ मध्ये लोकोमोटिव्ह मॉस्कोशी त्याचा करार तुटला. फिफाच्या वादनिवारण कक्षाने त्याला क्लबला १ कोटी ५ लाख युरो द्यायला सांगितलं. बेल्जियमचा शार्लरवा क्लब त्याला घ्यायला तयार होता. पण अशा खेळाडूला घेणाऱ्या क्लबवरही भरपाईचा बोजा पडत होता आणि बदलीचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र अडत होतं. ती नोकरी गेली. ४ ऑक्टोबर २०२४ रोजी लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयाने सांगितलं की यातले काही नियम युरोपच्या कायद्यात बसत नाहीत. मग फिफाने नियम तात्पुरते बदलले. पूर्वी नव्या क्लबने खेळाडूला फूस लावली असं धरूनच चालत. आता आरोप करणाऱ्याने ते दाखवायचं.

दियाराच्या वकिलांपैकी एक ज्याँ-लुई द्युपों. बॉसमनचा खटलाही त्यांनीच लढवला होता. ज्याँ-मार्क बॉसमनचा पगार महिन्याला १ लाख २० हजार बेल्जियन फ्रँक होता. नव्या कराराला क्लबने ३० हजार देऊ केले. तो जायला निघाला तर जाऊही देईनात. १५ डिसेंबर १९९५ च्या निकालाने युरोपीय संघाचा खेळाडू करार संपल्यावर मोकळा झाला.

वकीलबाई वहीत डाव्या बाजूला भाषण टिपतात. उजवी बाजू अपिलाची. तिथे तीन ओळी वाढल्या.

सकाळी १०.४५
कॉफीची सुटी. कपांच्या उतरंडी रचणारे दोघे पोर्तुगीजमध्ये बोलतायत. वकीलबाईंना आजीमुळे थोडं समजतं. त्या "ओब्रिगादा" म्हणतात. त्यांच्या कपात कॉफी जरा जास्त पडते.

ब्राझीलचे एक वकील कार्ड देतात आणि भारताचं विचारतात. जुलै २०२५ मध्ये लोझानच्याच न्यायालयाने आय-लीगचं विजेतेपद वाराणसीच्या इंटर काशीला दिलं. त्याआधी गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सला विजेता जाहीर केलं गेलं होतं. वाद एका खेळाडूच्या नोंदणीचा. गोव्यात तेव्हा बाजारापासून चर्चच्या पायऱ्यांपर्यंत हाच विषय होता. "माझ्या सख्ख्या काकांनी मला विचारलं, मॅच मैदानात झाली ना, मग निकाल स्वित्झर्लंडमध्ये कसा?" वकीलबाई सांगतात. काकांना समजावायला त्यांना अख्खी संध्याकाळ लागली होती.

सकाळी ११.१५
हे सत्र थकलेल्या पगाराचं. वकीलबाई पुढच्या रांगेत जाऊन बसल्या.

नियम असा. दोन महिन्यांचा पगार थकला की खेळाडूने क्लबला लेखी नोटीस द्यायची. पूर्ण रक्कम भरायला किमान १५ दिवस द्यायचे. तरी पैसे आले नाहीत तर करार मोडायला योग्य कारण मिळतं. २०१८ पासून हे फिफाच्या नियमांत आहे. तक्रार फिफाच्या कायदा पोर्टलवर करायची, दोन वर्षांच्या आत. खेळाडूला फी नाही.

या खेळाडूने नोटीस व्हॉट्सॲपवर दिली होती. मुदत दिली एका आठवड्याची. तेव्हा त्याला वकील नव्हता. घरमालक दार वाजवत होता आणि मेसचं बिल थकलं होतं. पंधरा दिवसांचा नियम त्याला कोण सांगणार? न्यायाधिकरणाने आठ दिवसांची तूट मोजली आणि भरपाई नाकारली. वकीलबाईंचं म्हणणं असं की क्लबच्या मॅनेजरने त्याच दिवशी "देतो" असं उत्तर दिलं, मग महिनाभर दिलं नाही. पंधरा दिवस तर सहज उलटून गेले. खेळाडू निघाला तो त्यानंतर.

सत्र संपल्यावर केनिया, सर्बिया आणि पेरूचे वकील त्यांच्याभोवती जमले. चौघांच्याही फायलीत तीच कागदपत्रं. थकलेले तीन महिने, एक मेसेज, एक "देतो". मोठ्या बदल्यांचे आकडे पेपरात छापून येतात. या सभागृहातल्या बऱ्याच जणांचं रोजचं काम म्हणजे कामगाराचा बुडालेला पगार वसूल करणं. ते काम मला फार मोलाचं वाटतं.

दुपारी १२.५०
जेवणाच्या सुटीत मेट्रोने रिपोन चौक, तिथून चढण. वकीलबाईंना न्यायालयाची इमारत पाहायचीय. क्रीडा लवाद न्यायालय १९८४ मध्ये सुरू झालं. फिफाने त्याचा अधिकार २००२ मध्ये मान्य केला. आता ते पालै द बोलियूमध्ये आहे. वाटेत कारंज्यावर बाटली भरली. इथलं कारंज्याचं पाणी पितात. चिवडा बाकावर बसून खाल्ला.

मोबाइल वाजला. बँकेच्या पावतीचा फोटो. खेळाडूच्या भावाने न्यायालयाचे १,००० फ्रँक भरले. अपील करतानाच ही फी भरावी लागते आणि जिंकलं तरी परत मिळत नाही. लाखभर रुपये. खेळाडूच्या महिन्याच्या पगाराहून जास्त. गरजूंसाठी न्यायालयाची कायदेशीर मदत असते, तिचा फॉर्म वकीलबाईंनी त्याला पाठवला होता. त्याने भावाला विचारणं पसंत केलं. भाऊ टॅक्सी चालवतो.

"यानंतर लवादांचा खर्च," त्या म्हणतात. "म्हणून तीन नको, एकच लवाद नेमा, अशी विनंती लिहिलीय. एकाचा खर्च तरी झेपेल."

इमारत दहा मिनिटं बाहेरून पाहिली. अपील इथे हातात घेऊन यायची गरज नाही, ते ई-फायलिंगवरच चढवायचं.

दुपारी २.१५
कार्यशाळा. गोल टेबलं, प्रत्येकापुढे कॅल्क्युलेटर. विषय एकजूट निधीचा. खेळाडू करार चालू असताना दुसऱ्या क्लबकडे गेला तर बदलीच्या रकमेतले पाच टक्के त्याला घडवणाऱ्या क्लबांना जातात. वय १२ ते १५, दर वर्षाला पाव टक्का. १६ ते २३, दर वर्षाला अर्धा टक्का. समजा, दहा लाख युरोला बदली झाली. मुलगा बारा ते पंधरा तुमच्याकडे होता. चार पाव म्हणजे एक टक्का, दहा हजार युरो. गावच्या क्लबला तेवढ्यात गोलपोस्ट, बूट, रोलर आणि कोचचा पगार भागतो. नोव्हेंबर २०२२ पासून हे पैसे पॅरिसच्या क्लिअरिंग हाऊसमधून वाटले जातात.

पण मुलगा तुमचा होता हे दाखवायला नोंदणी लागते. सासष्टीतल्या एका क्लबची जुनी वही वकीलबाईंकडे आहे. वाळवीने कडा खाल्ल्यात. एकाच मुलाचं आडनाव तीन तऱ्हांनी लिहिलंय, जन्मतारीख दोन ठिकाणी वेगळी. त्या पावसाळ्यात मुलाच्या घरी जाऊन बाप्तिस्म्याचा दाखला घेऊन आल्या. टेबलावरचे लोक तो किस्सा मन लावून ऐकतात. पेरूचा वकील विचारतो, वाळवीवर काय लावलं? "कडुलिंबाचा पाला आणि पत्र्याची पेटी." त्याने ते लिहून घेतलं.

दुपारी ४.००
मडगावात साडेसात. ज्युनिअर अजून ऑफिसात आहे.

"मॅडम, सगळी पानं झाली. एकूण एकशे चाळीस."

"नंबर घातलेस?"

"उजव्या कोपऱ्यात, खाली."

"मेसेजच्या फोटोंवर तारीख दिसतेय?"

"दोनवर नाही."

"ते दोन परत मागव. मी त्याला फोन करते. आणि तू जेवून ये आधी."

सभागृहात युरोपीय न्यायालयाच्या ऑगस्ट २०२५ मधल्या सेरँ निकालावर चर्चा चाललीय. लोझानचा निवाडा युरोपीय देशांची न्यायालयं आता कितपत तपासू शकतात, हा प्रश्न. वकीलबाई एक कान हेडफोनला देतात, दुसरा फोनला.

संध्याकाळी ५.४५
समारोप झाला. टाळ्या. काही जण जेवणाला तळ्याकाठी निघाले. वकीलबाईंना आमंत्रण होतं, त्यांनी माफी मागितली. दुभाष्यांनी आपल्या याद्या घडी घालून पिशवीत टाकल्या. एकीचा आवाज बसलाय, ती गरम पाणी पितेय. तंत्रज्ञ टेप ओढून काढतो आणि केबल कोपरावर गुंडाळतो. हेडफोनवाली मुलगी मोजते. दोन कमी. ती खुर्च्यांखाली वाकून शोधायला लागते.

संध्याकाळी ६.२०
पुन्हा होस्टेलचं स्वयंपाकघर. कुणी पास्ता उकडतंय. वकीलबाई अपील वरून खाली वाचतात, मग खालून वर. पक्षकारांची नावं, निकालाची प्रत, मागणी, एका लवादाची विनंती, फीची पावती, वकीलपत्र. मागणीतली रक्कम त्या हाताने कागदावर मांडून पाहतात. डॉलरमधला एक आकडा जुळत नाही. शेवटच्या महिन्याचा बोनस दोनदा धरला गेलाय. वजा केला.

७.२५ ला तारखा दिसणारे फोटो आले. ७.४० ला ज्युनिअरने पानं बदलली.

रात्री ८.०६
फाइल चढायला लागली. होस्टेलचं वायफाय संथ आहे. निम्म्यावर थांबलं. त्यांनी मोबाइलचं नेट जोडलं. रोमिंगचे पैसे लागतील, लागू देत. पुन्हा सुरुवात. मडगावात ज्युनिअर फोनवरच आहे, तिकडच्या पंख्याचा आवाज येतोय.

८.१४ ला दाखल झाल्याची नोंद आली. वकीलबाईंनी तिचा फोटो काढला, पीडीएफ केली, दोन ठिकाणी ठेवली.

"झालं रे. घरी जा. रिक्षाने जा, पैसे ऑफिसच्या वहीत लिही."

रात्री ९.००
खेळाडूचा फोन. पहिला प्रश्न पैशांचा. त्या गोड बोलत नाहीत. भरपाईच्या निकालाला महिने लागतील. हरूही शकतो. मंजूर रक्कम क्लबने ४५ दिवसांत दिली नाही, तर क्लबला नवे खेळाडू नोंदवायला बंदी येते, जास्तीत जास्त सलग तीन नोंदणी काळ. तिथे आपला जोर आहे.

मग त्यांनी डायरी उघडली. सविस्तर अपील आजपासून दहा दिवसांत द्यायचंय. तारखेभोवती लाल गोल. खेळाडूला यादी पाठवली: करारापासूनचं बँक स्टेटमेंट, मॅनेजरचे सगळे मेसेज, घरभाड्याच्या पावत्या, परतीच्या विमानाचं तिकीट.

तो म्हणाला, "बँक नऊला उघडते, मॅडम. मी आठलाच रांगेत उभा असेन."