एका देशाचे दोन टोप

1945 साली जर्मनीत भांडीकुंडी मिळेनाशी झाली होती आणि पोलादी हेल्मेटं मात्र जिथे तिथे पडलेली होती. लोकांनी त्यांना भोकं पाडून चाळण्या केल्या, कान लावून पातेली केली. शेतकऱ्यांनी लांब दांडा ठोकून गोठ्याच्या टाकीतलं शेणपाणी उपसायला ती वापरली. अशा चाळण्या तिथल्या संग्रहालयांत आजही मांडलेल्या दिसतात. सैन्य बरखास्त झालं होतं, शस्त्रं जप्त झाली होती, आणि तो टोप पुन्हा कुणाच्या डोक्यावर चढेल असं कुणाला वाटत नव्हतं. पण दहा वर्षं उलटायच्या आत तो चढला. कुठल्या डोक्यावर चढला आणि कुठल्या डोक्यावर मुद्दाम चढू दिला नाही, हे पाहिलं की शीतयुद्धातल्या दोन्ही जर्मनी समोर उभ्या राहतात.

जर्मन हेल्मेटांचे बहुतेक संग्राहक 1945 पाशी थांबतात. त्यानंतरचा माल त्यांना दुय्यम वाटतो. मला हे मुळीच पटत नाही. युद्धकाळातल्या टोपामागे कारखान्याची घाई आणि पोलादाची टंचाई आहे. युद्धोत्तर टोपामागे या देशाने स्वतःबद्दल घेतलेले निर्णय आहेत.

मूळ आकार हानोव्हरच्या तांत्रिक महाविद्यालयातल्या फ्रीडरिश श्वेर्ड यांचा. 1916 मध्ये व्हेर्दांच्या लढाईत तो सैनिकांच्या डोक्यावर आला. कान आणि मान झाकणारी उतरती कड ही त्याची खूण. 1935 मध्ये तो आटोपशीर झाला. 1940 मध्ये हवेच्या भोकांना वेगळी कडी बसवणं बंद करून ती पत्र्यातच दाबून काढू लागले, आणि 1942 मध्ये कड आत दुमडायचंही सोडून दिलं. युद्धोत्तर टोप ओळखायचा तर आधी हे तीन टप्पे डोळ्यांत बसायला हवेत.

मार्च 1951 मध्ये पश्चिम जर्मनीने सीमा सुरक्षेसाठी ‘बुंडेसग्रेन्झशुत्झ’ हे संघीय दल उभारलं. सुरुवात दहा हजार जवानांची. देशाला अजून सैन्य नव्हतं आणि पूर्वेकडची सीमा तर समोर होती. कागदोपत्री हे पोलीसच, पण त्यांच्या डोक्यावर आला तो जुन्याच आकाराचा टोप. काही टोप युद्धातले, पुन्हा रंगवलेले. काही नव्याने दाबलेले. बाजूला संघराज्याच्या गरुडाची ढाल.

असा टोप हाती आला की बाहेरून निरखत बसू नये, उलटा करावा. युद्धकाळातल्या टोपात आतल्या बाजूला, कडेजवळ, कारखान्याचा छाप आणि माप ठोकलेलं असतं. ‘क्यू 64’ म्हणजे एस्लिंगेनच्या क्विस्ट कारखान्याचा 64 मापाचा टोप. त्यात 56 किंवा 57 मापाच्या डोक्याचं अस्तर बसतं. मग अस्तर पाहायचं. 1931 सालच्या रचनेत धातूच्या कड्यावर चामडं शिवलेलं असतं, चामड्याच्या आठ पाकळ्या वर माथ्याकडे येतात आणि दोरीने एकत्र ओढून बांधतात. सगळं मिळून तीन रिव्हेटांवर टोपात बसतं. युद्धानंतरही हीच रचना चालू राहिली, त्यामुळे नवखा माणूस फसतो. टोप युद्धातला आणि अस्तरावरचा शिक्का 1950 च्या दशकातला, असं सापडलं तर त्याला नाक मुरडू नये. कुणीतरी बनावट केली असा त्याचा अर्थ नसतो. तो टोप दोनदा नोकरीवर गेला, इतकंच. जुन्या रंगाची कड नव्या हिरव्या रंगाखालून रिव्हेटाच्या भोवती डोकावते, तिथे त्याचा इतिहास थरांनी वाचता येतो.

खरी नासाडी उलट दिशेने होते. सीमादलाच्या टोपाला बाजारात फार भाव नाही आणि नाझी चिन्हाच्या टोपाला अवाच्या सवा आहे. म्हणून काही विक्रेते गरुड खरवडतात, 1950 च्या दशकातलं अस्तर काढून टाकतात, युद्धकाळातलं म्हणून नकली अस्तर आणि नकली चिन्ह बसवतात. यात गिऱ्हाईक फसतं ते फसतंच, पण एक अस्सल पोलीस हेल्मेट कायमचं जातं आणि त्याच्या जागी काहीच अस्सल उरत नाही. जर्मनीच्या दंडसंहितेचं कलम 86अ अशा चिन्हांच्या जाहीर प्रदर्शनाला बंदी घालतं. शिक्षण, संशोधन, कला यांना सूट आहे, तरी विक्रीच्या टेबलावर खरी चिन्हंसुद्धा कागदाने झाकलेली दिसतात.

पोलीस हा जर्मनीतही आपल्यासारखाच राज्यांचा विषय. त्यामुळे बव्हेरिया, हेसेन, हाम्बुर्ग यांच्या पोलिसांच्या टोपांचा हिशेब वेगवेगळा. हा प्रांत फार गुंतागुंतीचा आहे आणि एकेका राज्याला वाहिलेले संग्राहक आहेत. अग्निशमन दलाच्या टोपांनी आणखी घोळ घातला आहे. ‘डीआयएन 14940’ या मानकाचं हेल्मेट लांबून हुबेहूब 1935 चंच वाटतं. त्याला लोहचुंबक लावून पाहावं. चिकटत नाही, कारण ते अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचं. उजेडात धरून मग अंधाऱ्या खोलीत नेलं तर पुष्कळदा त्याचा पिवळसर लेप चमकतो. धुरात साथीदार दिसावा म्हणून केलेली ती सोय.

नोव्हेंबर 1955 मध्ये पश्चिम जर्मनीचं नवं सैन्य, बुंडेसवेअर, स्थापन झालं. त्याच्या डोक्यावर मात्र जुना आकार आला नाही. त्याला अमेरिकी एम-1 मिळालं. आधी अमेरिकेचं, लगेच देशातच बनवलेलं. ब्राउनश्वाइगच्या शुबर्थ कंपनीचं नाव इथे वारंवार भेटतं. पुढे मोटार शर्यतीत मायकेल शूमाकरने हेल्मेट घातलं ते याच कंपनीचं. जर्मन एम-1 आधी अमेरिकी पद्धतीने दोन भागांचं होतं, बाहेर पोलाद आणि आत वेगळी टोपी. नंतर ती टोपी गेली आणि अस्तर थेट पोलादाला बसलं. एकाच देशात एकाच वेळी सैनिकाच्या डोक्यावर परक्याचा आकार आणि सीमेवरच्या पोलिसाच्या डोक्यावर घरचा, ही स्थिती कित्येक वर्षं टिकली. त्यामागे अमेरिकी साहित्याची उपलब्धता होती, आणि कालपर्यंतचे शत्रू आता नाटोतले सोबती असताना जुनं सैन्य परतल्यासारखं दिसू नये ही काळजीही होती.

पूर्वेची गोष्ट याहून अजब. नाझी वारशाशी आपला संबंध नाही असं सांगणाऱ्या पूर्व जर्मनीने 1956 मध्ये आपल्या सैन्याला दिलेला एम-56 टोप रेखाटला गेला होता हिटलरच्याच काळात. युद्धाच्या उत्तरार्धात बर्लिनच्या संशोधन संस्थेत जुन्या टोपाला पर्याय शोधताना तिरक्या भिंतींचा आकार पुढे आला. सरळ भिंतीवर गोळी रुतते, तिरकीवरून घसरण्याची शक्यता वाढते. शिवाय तो दाबून काढायला सोपा. पण तो सैन्याला कधी दिला गेला नाही. म्हणूनच लोकांच्या मनात त्याच्याशी कुठलीच आठवण जोडलेली नव्हती. तो जर्मन वाटत नव्हता. अनेकांना तर तो सोव्हिएत वाटला. तो बनवला हार्झ डोंगरातल्या थाले गावच्या पोलाद कारखान्याने. 1916 चे टोपही याच कारखान्यात दाबले गेले होते. कैसर, हिटलर आणि साम्यवादी राजवट, तिघांच्याही सैनिकांचं डोकं त्याने झाकलं.

हा टोप जगभर पाहिला गेला तो एका छायाचित्रातून. 15 ऑगस्ट 1961, बर्लिनची बेर्नाउअर स्ट्रासे. कोनराड शूमान हा 19 वर्षांचा पोलीस काटेरी तारेवरून पश्चिमेकडे झेप घेतो आणि छायाचित्रकार पीटर लाइबिंग नेमका तो क्षण टिपतो. आपण सगळे त्याचे पाय आणि निसटती बंदूक पाहतो. डोक्याकडे पाहावं. उतरत्या भिंतींचा, टोकाकडे निमुळता होत गेलेला तो एम-56 आहे. शूमान सैनिक नव्हता, दंगलविरोधी पोलीस तुकडीतला होता, म्हणजे टोपाचा आकार पाहून ‘सैन्याचा’ असं लेबल लावून टाकणं इथे चुकतं.

ऑक्टोबर 1990 मध्ये पूर्व जर्मनी आणि तिचं सैन्य दोन्ही संपली आणि गोदामांतले एम-56 बाजारात आले. त्यानंतर दोनच वर्षांनी एकत्रित देशाच्या बुंडेसवेअरने पोलाद सोडून अरामिड धाग्याचं हेल्मेट घेतलं. कान आणि मान झाकणारी कड त्यात परत आली. त्याआधी अमेरिकेनेही तशीच कड स्वीकारली होती, आणि तिथल्या सैनिकांनी त्या टोपाला ‘फ्रिट्झ’ या जर्मन नावाने ओळखायला सुरुवात केली होती. बुंडेसवेअरच्या अशा हेल्मेटावर 8470-12 ने सुरू होणारा पुरवठा क्रमांक सापडतो. 8470 हा शरीरसंरक्षक साहित्याचा नाटो वर्ग, 12 म्हणजे जर्मनी.

नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी एम-56 च सुचवेन. स्वस्त आहे, मुबलक आहे, आणि बनावट करून कुणाला फारसा फायदा नाही. सुरुवातीचे टोप जुन्या धाटणीच्या अस्तराचे आणि थोड्या रिव्हेटांचे. पुढे अस्तर बदललं आणि बाहेर रिव्हेटांची रांग दिसू लागली. दोन-चार टोप शेजारी ठेवून उलटे करावेत, शिक्के उतरवून घ्यावेत, आतून-बाहेरून फोटो काढावेत, आणि हे होईपर्यंत ओलं फडकंसुद्धा लावू नये. चामड्यावरची शाई पहिल्याच पुसण्यात जाते.