उन्हाळा, मोटारसायकल आणि ऑइलचा हिशेब

कापडाच्या धंद्यात ट्रकचे आणि टेम्पोचे भाडे प्रत्येकाला तोंडपाठ असते. मोटारसायकलचा हिशेब मात्र फारसा कोणी ठेवत नाही. वास्तविक पाहता मालेगाव, भिवंडी किंवा इचलकरंजीच्या कोणत्याही गल्लीत सकाळी उभे राहा, सुताची पोती, बॉबिनच्या गोण्या, साड्यांचे गठ्ठे आणि फेरीवाल्याचे गाठोडे दोन चाकांवरच धावताना दिसतील. लहान कारागिराची आणि फेरीवाल्याची तर सारी रोजी-रोटी या एका गाडीवर असते. गाडी बंद म्हणजे त्या दिवसाची कमाई बंद.

या गाड्या बहुतेक १०० ते १२५ सीसीच्या आणि हवेवर थंड होणाऱ्या. त्यांना रेडिएटर नाही, पाणी नाही. आणि आमच्या धंद्याची अडचण अशी की लग्नसराईची तेजी एप्रिल-मेमध्ये येते. नेमक्या त्याच दिवसांत मालेगावचा पारा ४२ अंशांच्या वर चढतो. म्हणजे गाडीवर सर्वांत जास्त ओझे आणि आभाळातून सर्वांत जास्त आग, दोन्ही एकाच वेळी. इंजिन जाम होण्याच्या तक्रारी याच हंगामात ऐकू येतात. म्हणून या विषयावर चार कामाच्या गोष्टी आम्ही येथे मांडत आहोत.

ऑइलचे दुसरे काम

पेट्रोल जळून जी शक्ती निर्माण होते, तिचा साधारण चौथा हिस्साच चाकापर्यंत पोहोचतो. बाकी सारी उष्णता होते. तिचा मोठा भाग सायलेन्सरमधून जातो आणि उरलेली इंजिनच्या अंगावर येते. सिलिंडर आणि हेडवर जी पाती असतात, ज्यांना गॅरेजवाले फिन म्हणतात, ती वाऱ्याला उष्णता देतात. परंतु पिस्टनची खालची बाजू, क्रँक, बेअरिंग आणि गिअर यांच्यापर्यंत वारा पोहोचत नाही. तेथली उष्णता उचलण्याचे काम ऑइल करते. ऑइल म्हणजे केवळ वंगण, असे समजणे अपुरे आहे. हवेवर चालणाऱ्या इंजिनात अर्धे पाण्याचे काम तेच करते.

आता लक्षात घ्या की १०० सीसी गाडीत हे ऑइल असते किती? एक लिटरच्या आतबाहेर. त्यातून पाव लिटर कमी झाले, तर उरलेल्या ऑइलला तेवढीच उष्णता वाहून न्यावी लागते. चार हमालांचे ओझे तीन हमालांवर टाकण्यासारखेच हे आहे.

पाऱ्याचा हिशेब

व्यापारी माणसाला आकड्यांतून गोष्ट लवकर पटते. ऑइलचे तापमान ९० ते १२० अंश सेल्सिअस असले तर ते ठीक समजावे. १३० च्या पुढे साध्या ऑइलची तब्येत बिघडू लागते. समजा, हिवाळ्यात हवा २५ अंश असताना चढावर ऑइल १२० अंशांवर गेले. दोहोंत ९५ अंशांचे अंतर झाले. उष्णता बाहेर जाते ती या अंतराच्या जोरावर. मे महिन्यात हवा ४३ अंश झाली, की तेवढीच उष्णता फेकण्यासाठी ऑइलला साधारण तेवढेच १८ अंश वर चढावे लागते, म्हणजे १३८.

१८ अंश हा आकडा लहान वाटेल. पण तापलेल्या ऑइलबाबत एक ढोबळ नियम सर्वत्र मानला जातो: दर १० अंशांना त्याची झीज दुप्पट होते. या नियमाने १८ अंशांत ऑइलचे आयुष्य तिसऱ्या हिश्शाच्याही खाली येते. मग जे ऑइल थंडीत ३,००० किलोमीटर चालले, ते मे महिन्यातही ओझ्यासह तेवढेच चालेल हा भरवसा कशाच्या आधारावर ठेवायचा? कंपनीच्या पुस्तकातला आकडा साधारण वापरासाठी असतो. ओझे, धूळ आणि ऊन तिन्ही असतील तर पुस्तकाने ३,००० सांगितले असता २,००० लाच ऑइल बदलणे शहाणपणाचे.

पातळी, जात आणि पारख

पहिली गोष्ट पातळी. गाडी सपाट जागी मधल्या स्टँडवर उभी करावी, इंजिन दोन-चार मिनिटे चालवून बंद करावे, ऑइल खाली उतरू द्यावे आणि मग डिपस्टिक पाहावी. काठी आटे पिळून मोजायची की नुसती टेकवून, हे प्रत्येक गाडीच्या पुस्तकात दिलेले असते. हंगामात दर आठवड्याला हे करावे. वरच्या खुणेपेक्षा जास्त ऑइल भरणेही वाईट. क्रँक त्यात घुसळत राहते, फेस होतो आणि ऑइल उलट जास्त तापते.

दुसरी गोष्ट जात. ‘जाड ऑइल टाका, इंजिन थंड राहील’ असा सल्ला बाजारात सर्रास मिळतो. तो अर्धवट आहे. डब्यावर १०डब्ल्यू-३० किंवा २०डब्ल्यू-४० असे लिहिलेले असते. पहिला आकडा थंडीतल्या प्रवाहाचा आणि दुसरा १०० अंशांवरच्या जाडीचा. फार जाड ऑइल हळू वाहते व घुसळताना स्वतःच तापते; फार पातळ ऑइल उन्हात धातूवर टिकत नाही. कंपनीने आपल्या गाडीला जे नंबर मंजूर केले आहेत, त्यांतूनच हवामान पाहून निवड करावी. शिवाय या मोटारसायकलींत इंजिन, गिअर आणि क्लच एकाच ऑइलमध्ये बुडालेले असतात. कारचे घसरडे ऑइल टाकले तर क्लच सरकू शकतो, आणि सरकणारा क्लच आणखी उष्णता निर्माण करतो. जपानने १९९८ साली मोटारसायकल ऑइलसाठी जे मानक ठरवले, त्याची ‘जासो एमए’ किंवा त्यानंतरची ‘एमए२’ ही खूण डब्यावर पाहून घ्यावी.

तिसरी गोष्ट पारख. कापडात जसा खरा-खोटा माल असतो तसाच ऑइलमध्येही असतो. सीलबंद डबा घ्यावा, तो आपल्यासमोर फोडून घ्यावा, बिल घ्यावे, आणि रिकाम्या डब्याला भोक पाडून मगच भंगारात द्यावा, म्हणजे त्यात नकली माल भरून विकता येणार नाही. केवळ काळे पडले म्हणून ऑइल वाईट ठरत नाही. काजळी धरून ठेवणे हे त्याचे कामच आहे. परंतु जळका वास येऊ लागला की ते ताबडतोब उतरवावे.

कापसाची रजई

लूमच्या गावात एक वेगळीच अडचण असते. हवेत कापसाचे बारीक तंतू उडत असतात. इंजिनच्या पॅकिंगमधून थोडे जरी ऑइल झिरपले, तरी ते तंतू आणि रस्त्याची धूळ पातींच्या फटींत चिकटून बसतात. महिन्याभरात तेथे नमदा तयार होतो. रजईत कापूस जे काम करतो, तेच तो येथेही करतो; उष्णता बाहेर जाऊ देत नाही. इंजिन थंड असताना ब्रश आणि रॉकेल घेऊन या फटी साफ कराव्यात. झिरपणारे पॅकिंग बदलावे. पातींवर रंगाचे थरावर थर चढवू नयेत. पावसाळ्यात लेगगार्डला लावलेली रेक्झिनची झडप उन्हाळ्यात काढून ठेवावी, आणि इंजिनसमोर पिशव्या लटकवू नयेत. वारा अडला की सारे अडले.

घाट आणि गर्दी

मालेगावहून चांदवडकडे जाताना राहुड घाट लागतो. तेथे गठ्ठे लादलेली गाडी वरच्या गिअरमध्ये रेटत नेणारे पुष्कळ दिसतात. वेग कमी, वारा कमी आणि पेट्रोल मात्र पुरेपूर जळते. तापण्याचा याहून सोपा मार्ग नाही. वेळीच खालचा गिअर घ्यावा आणि इंजिन मोकळेपणाने फिरू द्यावे. दुपारची खेप सकाळी सात वाजता नेता आली तर सर्वांत उत्तम. किती किलो वजन चालते ते पुस्तकात छापलेले असते. त्यात चालवणाऱ्याचे वजनही धरलेले असते, हे विसरू नये. फाटक बंद असेल किंवा गर्दी तुंबली असेल तर इंजिन बंद करावे. उभ्या गाडीला वारा नसतो.

इंजिन तापल्याची लक्षणे अशी: ओढ कमी होते, चढावर टिकटिक असा ठोका येतो, टॅपेटचा आवाज वाढतो, गिअर अडखळत पडतो. यांपैकी काही जाणवले तर सावलीत थांबून पंधरा-वीस मिनिटे द्यावीत आणि मग पातळी पाहावी. तापलेल्या इंजिनवर पाणी ओतू नये, धातू वाकण्याची किंवा तडकण्याची भीती असते. आणि चालत्या गाडीत इंजिन अचानक धरले, तर मागचे चाक जागीच बसते. अशा वेळी पहिले काम क्लच दाबण्याचे. येथे प्रश्न पैशाचा राहत नाही, जिवाचा होतो.

ऑइल कूलर लावावा काय?

मोठ्या गाड्यांत हा मार्ग कंपन्यांनीच स्वीकारला आहे. सुझुकीने १९८५ साली जीएसएक्स-आर ७५० मध्ये इंजिन थंड करण्याचे मुख्य काम ऑइलकडे सोपवले होते. आपल्याकडे २००७ सालच्या पल्सर २२० ला आणि २०१६ सालच्या रॉयल एनफिल्ड हिमालयनला ऑइल कूलर होता. पण त्या गाड्यांचे पंप आणि नळ्या त्या हिशेबानेच बनवलेल्या होत्या. १०० सीसी गाडीला बाहेरून कूलर जोडला तर लहान पंपावर ताण येतो आणि जोडांतून गळती लागते. जो गळेल तो कूलर काय कामाचा? त्यापेक्षा तेवढ्या पैशात चार वेळा ऑइल बदलावे. तापमान मोजायचेच असेल तर कारखान्यात वापरतात ती इन्फ्रारेड बंदूक घ्यावी. तापासाठी कपाळावर धरायची बंदूक एवढ्या उष्णतेला चालत नाही. चकचकीत धातूवर ती चुकीचा आकडा दाखवते, म्हणून काळ्या, मळकट पृष्ठभागावर आणि दर वेळी त्याच जागी मोजावे.

एक गोष्ट उलट बाजूचीही आहे. गोदाम ते दुकान अशा अर्ध्या किलोमीटरच्या खेपांत ऑइल कधी पुरते तापतच नाही. त्यातले पाणी आणि पेट्रोल उडून जात नाही, आणि झाकणाखाली दुधाळ चिकटा जमतो. अशा गाडीला आठवड्यातून एकदा अर्धा तास मोकळ्या रस्त्यावर चालवावे.

कारागीर आणि व्यापारी बांधवांनो, एका वेळच्या ऑइलला आज चारशे रुपयांच्या आसपास खर्च येतो. बोअर, पिस्टन आणि क्रँकचे काम निघाले तर तो आकडा हजारांत जातो, आणि लग्नसराईचे चार-सहा दिवस वाया जातात ते वेगळेच. सूत घेताना आपण नंबर पाहतो, वजन पाहतो, धागा ओढून पाहतो. ऑइलची काठी ओढून पाहण्यास तर अर्धे मिनिटही लागत नाही.